गुलकंदाची बरणी

आमच्या भागात कुठलीच बाई खाजेची तक्रार घेऊन दवाखान्यात येत नाही. ती कंबर घेऊन येते, चक्कर घेऊन येते, नाहीतर नुसता अशक्तपणा घेऊन येते. मी मूळची नांदेडची, पण लातूरजवळच्या औशात बायकांचा दवाखाना टाकला आणि उमेदीची सगळी वर्षं तिथंच खर्च केली. तिथं मी पहिली गोष्ट शिकले ती ही, की बाई सांगते तो रोग आणि बाईला असतो तो रोग यांची गाठ दाराच्या पडद्यापाशी पडते. नाडी बघून होते, टॉनिक लिहून होतं, बाई उठते, चपलेत पाय घालते, पडद्याला हात लावते आणि मग वळून म्हणते, "अन् मॅडम, अजून एक होतं." मी म्हणायची, "या, बसा परत. आता खरं बोलू."

मग ते 'अजून एक' बाहेर यायचं. तेही सरळ नाही. "अंगावरून जातंय", "धुपणी हाय", "तिथं आग होती". पांढरं पाणी म्हणायला जीभ रेटायची नाही. बाहेर बाकावर नवरा बसलेला, त्याला ऐकू जाईल म्हणून आवाज इतका बारीक की मला कान पुढं करावा लागायचा. बायांनो, अंग तुमचं, आग तुमची, आणि लाज मात्र साऱ्या गावाची!

दिवाळी अंकात असल्या विषयावर लिहायचं का, असं माझ्या धाकट्या बहिणीनं विचारलं. मी म्हटलं, फराळाच्या ताटाशेजारी अंक असेल तर लोकांनी हे पान उलटून ठेवावं आणि हात धुऊन मग वाचावं. पण वाचावं.

तर ह्या खाजेमागं बहुतेक वेळा असते ती बुरशी. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की वर पांढरी साय धरते ना, तिच्याच गोतावळ्यातली. पाव फुगवणारं यीस्ट तिची चुलत बहीण. ती बाहेरून कुणी आणून टाकत नाही. आपल्या तोंडात, आतड्यात, बायकांच्या जागेत ती थोडीफार मुक्कामाला असतेच आणि कुणाला त्रास देत नाही. शरीरातले चांगले जंतू तिच्यावर पहारा ठेवतात. पहारा ढिला पडला की ती पसरते. अँटिबायोटिकच्या गोळ्या फार दिवस घेतल्या की चांगले जंतूही मरतात, तेव्हा पसरते. गरोदरपणात पसरते. ओलसर, घट्ट कपडे दिवसभर अंगाला राहिले तरी पसरते. आणि रक्तात साखर वाढली की तिची दिवाळीच. मग खाज सुटते, अशी की माणसांत बसवत नाही. लघवीला झोंबतं, जागा लाल होते, चिरते, आणि फुटलेल्या दह्यासारखं पांढरं जातं. त्याला बहुतेक वेळा वास नसतो. वास असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, तर तो रोग वेगळा, त्याचं औषध वेगळं. आणि थोडं पांढरं जाणं हा मुळी रोगच नाही, ते बाईच्या शरीराचं नेहमीचं काम आहे. हे सांगितलं की निम्म्या बायका तिथंच बऱ्या व्हायच्या.

उपाय साधा आहे. आत ठेवायच्या गोळ्या असतात, वरून लावायचं मलम असतं, पोटात घ्यायची गोळीही असते, पण ती गरोदर बाईला द्यायची नाही. बाकी पथ्य म्हणजे जागा कोरडी ठेवणं, सुती कपडा वापरणं, आणि आतून साबणानं, डेटॉलनं, तुरटीच्या पाण्यानं धुण्याचा उद्योग बंद करणं. आमच्याकडं आतले कपडे साडीखाली झाकून, न्हाणीच्या कोपऱ्यात वाळत घालतात. वाळतात कुठले, आंबतात. मी ओरडायची, "ऊन काय सासऱ्याच्या मालकीचं आहे का? घाल की दोरीवर!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि घरी जाऊन पुन्हा साडीखालीच घालायच्या.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एक पोरगी आली. औशाचीच. मोबाईलवर वाचून वाचून तिनं स्वतःला सगळ्यात वाईट रोग लावून घेतला होता. बसल्या बसल्या रडायलाच लागली, "मॅडम, शप्पथ, मी तसलं काही केलेलं नाही." चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी ती कितीतरी महिने अँटिबायोटिक खात होती, एवढंच. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "बाळा, ही बुरशी कुणाचं चारित्र्य तपासून येत नाही." तिनं डोळे पुसले, आणि मग मला मनातून फार राग आला, कुणाचा ते कळेना. खाज सुटली म्हणून एका शिकल्यासवरल्या पोरीला शपथ घ्यावी लागते!

पण मला सांगायची आहे ती गोष्ट सोजरबाईंची.

मराठवाड्यात रोग कुठलाही असो, नाव एकच: उष्णता. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. बाईला पांढरं गेलं की मग बोलायलाच नको. आणि उष्णतेवर उतारा म्हणजे थंडावा. खडीसाखरेचं पाणी, सब्जाचं सरबत, रसवंतीचा रस, आणि सगळ्यांचा राजा गुलकंद. आयुर्वेदाचं मला फारसं कळत नाही, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण घरोघरी हा थंडावा वाटीनं चालतो, आणि वाटी किती भरायची ते माया ठरवते.

रुक्मिण माझ्याकडं आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. औशापासून जवळच्याच खेड्यातली, घरची शेती, नवरा भारत शेतातच राबणारा. सोबत सासू, सोजरबाई. उंच, हाडाची मोठी, कपाळावर ठसठशीत कुंकू. पिशवीत पाण्याची बाटली, बाटलीत खडीसाखर विरघळवलेलं सब्जाचं पाणी. बाहेर बाकावर बसल्या बसल्या ती सुनेला घोट घोट पाजत होती, मध्येच पदरानं तिचं तोंड पुसत होती. मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि मनात म्हटलं, अशी सासू मिळायला नशीब लागतं.

आत आल्यावर सोजरबाईच बोलली. "डॉक्टरीणबाई, हिचे दोन बार गेले. दोन्ही बारीला आठव्या म्हयन्यात. पोटातल्या पोटात लेकरू थंड झालं. उष्णतेनं. आता ह्या बारीला मी काय कमी पडू दिलं न्हाई. पहाटं उठल्या उठल्या गुलकंद, दुपारी सरबत. घरच्या गुलाबाचा गुलकंद हाय, मी सोता केलेला. तरी बी हिची उष्णता हटंना."

"म्हणजे काय होतंय?"

सोजरबाईनं सुनेकडं बघितलं. सून जमिनीकडं बघत होती. मी सासूला म्हटलं, "मावशी, जरा बाहेर बसा." ती गेली. मी रुक्मिणला तपासायच्या टेबलावर घेतलं आणि मग तिला सांगायची गरज उरली नाही. मांड्यांपर्यंत कातडी लाल झालेली, नखांनी ओरबाडलेली. गावातल्या मेडिकलवरून नवरा ट्यूब आणून द्यायचा. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवस दबते, बुरशी खालून मजेत वाढते, आणि कातडी कागदासारखी पातळ होते.

"किती दिवस झाले गं?"

"लई दिस झाले मॅडम. मागल्या बारीला बी हुतं. त्याच्या आधी बी."

"कुणाला बोलली नाहीस?"

"आत्याबाईला बोलले. त्या म्हनल्या उष्णता. गुलकंद वाढिवला त्यांनी."

गरोदर बाईला ही बुरशी होतेच, त्यात नवल नव्हतं. पण दर बारीला आणि एवढी म्हटल्यावर मला दुसरंच काही दिसायला लागलं. मी विचारलं, तहान फार लागते का, रात्री लघवीला उठतेस का. दोन्हीला "हाव". आणि मग ती सहज बोलून गेली, "मोरीत मुंग्या लई व्हतात. सरबताचा गिलास तिथंच धुते ना मी, साखर सांडत आसंल."

मी बोटाला सुई टोचली, थेंब मशिनला लावला. आकडा आला तो बघून दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला. तोच आकडा. मुंग्या गिलासातल्या साखरेला आल्या नव्हत्या, तिच्या लघवीतल्या साखरेला आल्या होत्या. "आई आहे का तुझी?" मी विचारलं. आई वारली होती. साखरेच्या आजारानं आधी तिचा पाय काढला होता, मग ती गेली. म्हणजे हा आजार रुक्मिणच्या रक्तातून आला होता आणि कुणी कधी तपासला नव्हता. पोटातली दोन लेकरं आठव्या महिन्यात का थांबली असावीत ते माझ्यासमोर उघडं पडलं होतं. छातीवर हात ठेवून शंभर टक्के कुठला डॉक्टर सांगत नाही, पण मला शंका उरली नव्हती. आणि तिसरं आत हलत होतं.

आता सासूला आत बोलवायचं होतं. माझं तोंड फाटकं, हे सगळ्या औसा तालुक्याला ठाऊक आहे. बाळंतिणीला कोंडणाऱ्या, सुनेला मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या सासवांना मी फाडून खाल्लेलं आहे. पण इथं ओरडायचं कुणावर? ही बाई गुलाबाच्या पाकळ्या निवडून, थर लावून, बरणी उन्हात ठेवून सुनेसाठी माया मुरवत होती.

मी शक्य तेवढं सावकाश सांगितलं. रक्तात साखर आहे, ही खाज त्या साखरेमुळं हटत नाही, इन्सुलिन टोचावं लागेल, लातूरच्या डॉक्टरांना दाखवू, साखर काबूत आली तर लेकरू हाती लागेल. गोड आजपासून बंद. सोजरबाई ऐकत होती. बाटली तिच्या मांडीवर होती. मग तिनं विचारलं, "म्हंजे गुलकंदानं झालं?"

"नाही मावशी. आजार तिच्या आईकडून आलाय. गुलकंदानं होत नाही तो."

"होत न्हाई. पर वाढती की न्हाई साखर?"

खोटं बोलता आलं असतं. पण उद्या तिनंच सुनेचं ताट वाढायचं होतं, तिला खरं ठाऊक असणं भाग होतं. मी म्हटलं, "वाढते."

सोजरबाई उठली, दाराबाहेरच्या लिंबाच्या झाडाखाली गेली आणि बाटली उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, "काय काय करायचं ते नीट सांगा, बाई. मला लिव्हता येत न्हाई, पर ध्यानात ऱ्हातं."

रुक्मिणला मी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, ती ट्यूब माझ्या समोर कचऱ्यात टाकायला लावली. लातूरला साखरेच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. पुढच्या खेपेला पडद्याला हात लावून ती वळली तेव्हा मी म्हटलं, "आता काय राहिलं?" ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. "काय न्हाई मॅडम. खाज गेली. झोप लागती, हेच सांगायचं हुतं." खाज गेल्यावर झोप लागते ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांना सुटली नाही त्यांना कळायचं नाही.

इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. घरात फ्रीज होता, पण वीज जायची ती तासन्‌तास जायची. रुक्मिणनं मला सांगितलं की आत्याबाईंनी गुलकंदाची बरणी रिकामी केली, गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, आणि बाटल्या त्यात ठेवून बरणी ओल्या वाळूच्या मडक्यात बसवली. दिवसातून कितीदा तरी वाळूवर पाणी शिंपडतात म्हणाली. सुई टोचायचं भारतला जमेना, तर तेही सोजरबाईच शिकली.

डोहाळेजेवणाला भावकीतल्या बायका पुरणपोळ्या, बासुंदी, लाडू घेऊन आल्या. सोजरबाई उंबऱ्यात उभी राहिली आणि एकही डबा आत जाऊ दिला नाही. सुनेच्या ताटात ज्वारीची भाकरी, मेथी आणि ताक. बायका चिडल्या. बाहेर पडताना एकीनं ऐकवलं, "पोटुशीला उपाशी मारती, आन् मग लेकरं मरत्यात म्हनून रडती." हे मला भारतनं सांगितलं. मी विचारलं, "मग मावशी काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "काय न्हाई. आईनं त्यांच्यासंगं त्यांचे डबे दिले वापस."

आठवा महिना लागला आणि आमचं तिघींचं बोलणं कमी झालं. सोजरबाई रोज सकाळी भारतच्या फोनवरून मला फोन करायची. "हलतंय," एवढंच म्हणायची आणि ठेवून द्यायची. तो एक शब्द ऐकल्याशिवाय मी चहाला हात लावत नव्हते. एके दिवशी फोन आला नाही. मी लावला तर उचलेनात. दवाखान्यात पेशंट बसलेले, मी पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. तासाभरानं रिक्षातून तिघंही दारात. भारत म्हणाला, "सकाळपासून हलणं कमी झालंय." मी मशीन पोटावर लावलं. ठोके होते. पण मला हवे होते तसे नव्हते. मी लातूरला फोन केला, गाडी मागवली आणि त्यांच्यासोबत बसले. सोजरबाई वाटेत सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. देवाचं नाव घेतलं नाही, नवस बोलली नाही. फक्त म्हणत होती, "तिसरं नको. बाई, तिसरं नको."

लातूरला पोचल्या पोचल्या सिझर झालं. मुलगी. रडली, पण लगेच मलूल पडली. आईच्या साखरेची सवय झालेल्या लेकराची साखर नाळ तुटली की एकदम खाली जाते. तिच्या इवल्या शिरेत ग्लुकोजची सलाईन लावली. काचेबाहेरून सोजरबाईनं विचारलं, "त्या बाटलीत काय हाय?"

मी सांगितलं, "साखरेचं पाणी."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. "तिला चालतं?"

"तिला आता तेच लागतं, मावशी."

ती काचेला टेकून उभी राहिली, सलाईनचे थेंब बघत. पोरगी जगली.

बारशाला मी गेले. सोजरबाईनं घुगऱ्या वाटल्या, पेढेही वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवला तेव्हा मी त्यातला अर्धा तिच्या तोंडापुढं धरला. तिनं मान मागं घेतली. "मी गोड सोडलंय, बाई."

"अहो मावशी, तुम्हाला कुठं आजार आहे?"

"न्हाई. तसंच सोडलं." आणि घराच्या मागं शेताकडं बघितलं. तिथं बांधावर, बाभळीखाली, आधीच्या दोघांना पुरलं होतं. मी समजावलं. तुमचा दोष नाही, आजार तिच्या रक्तातला, गुलकंद नसता तरी कदाचित... तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग पुढं वर्षानुवर्षं, जेव्हा जेव्हा भेट झाली तेव्हा मी तेच सांगितलं आणि तिनं तशीच मान डोलावली. खाजेला माझ्याकडं गोळी होती. ह्याला मी काय देणार? बोलत राहिले झालं.

एक मात्र झालं. त्या गावातून बायका येऊ लागल्या, आणि त्यांना पडद्यापाशी थांबावं लागेना. सोजरबाई हाताला धरून आणायची आणि दारातूनच सांगायची, "हिला खाज हाय. आधी रक्त बघा." बाकावरची सगळी माणसं ऐकायची. बाई लाजून अर्धी व्हायची. सोजरबाईला त्याची काही फिकीर नव्हती.

मागच्या वर्षी मी दवाखाना बंद केला. गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मीही दिला आणि नांदेडला परतायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी टेबलावर पेढ्यांचा डबा ठेवला होता, येईल त्याला देत होते. दुपारी सोजरबाई आली. केस पांढरे झालेले, सोबत नात, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या. पोरीनं डब्याकडं बघितलं, आजीकडं बघितलं. आजीनं मान हलवली तेव्हा तिनं पेढा घेतला.

मी सवयीनं डबा सोजरबाईपुढं केला आणि सवयीनं मागं घ्यायला लागले. तिनं माझा हात धरला.

"मला नको, बाई," ती म्हणाली. "दोन द्या. बांधावर न्यायचं हाय."

मी दोन पेढे तिच्या हातावर ठेवले. तिनं ते पदराच्या टोकाला नीट बांधले, गाठ ओढून बघितली, आणि नातीचा हात धरून बस पकडायला निघाली.